बिनपदवीचा पक्षीपंडित

(बी.ए. भाग २)

आमच्या घरात वही दोनच कामांसाठी येत असे. एक शाळेच्या अभ्यासासाठी आणि दुसरी, बाबांनी मालकाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब मांडण्यासाठी. बाबा सालदार आहेत. त्यांना सहीपुरतेच लिहिता येते, म्हणून हिशेबाची वही मी चौथीत असल्यापासून माझ्याकडे आहे. वहीला तिसरेही एक काम असते, हे मला गेल्या वर्षी समजले. पर्यावरणाच्या सक्तीच्या प्रकल्पासाठी ग्रंथालयात पुस्तक शोधत होते. डॉ. सलीम अली यांचे एक छोटे चरित्र हाती आले. खरे सांगायचे तर ते पातळ होते म्हणूनच मी घेतले. पुढे त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. प्रकल्प कधीच जमा झाला, पण माणूस काही डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे झाले तेव्हा वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. पोरक्या झालेल्या या सगळ्या मुलांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. मामा शिकारीचे शौकीन होते आणि घरच्या मुलांनाही तोच नाद होता. लहानग्या सलीमला एक खेळण्यातली छर्ऱ्याची बंदूक मिळाली. पुढे ज्यांच्या नावाने पक्ष्यांची अभयारण्ये झाली, त्यांची पक्ष्यांशी पहिली ओळख या बंदुकीच्या नळीतून झाली. चरित्रलेखक हा भाग कधीकधी घाईने उरकतात. मला तो उरकावासा वाटत नाही, कारण त्यांची पहिली नोंद त्यातूनच निघाली आहे.

ती नोंद त्यांनी १९०६-०७ च्या सुमारास, म्हणजे दहाएक वर्षांचे असताना केली. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेर एका खिळ्यावर पहारा करी. मुलगा बग्गीच्या आडोशाला दबा धरून बसला आणि त्याने नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. मुलाने त्यालाही टिपले. सात दिवसांत असे आठ नर पडले आणि प्रत्येक वेळी मादीजवळ पुढचा नर जणू तयारच होता. एवढीच ती नोंद. कितीतरी वर्षांनी, ते जगप्रसिद्ध झाल्यावर, पक्षीनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत ती छापली गेली.

वाचून आधी मला रागच आला. आठ चिमण्या! मग पुन्हा वाचली. तिच्यात जागा आहे, खिळा आहे, दिवस आहेत, आकडा आहे. मादी दुःखी झाली असे कुठे नाही, कारण ते त्याला दिसले नव्हते. आपण फार शूर असेही नाही. आम्ही शाळेत पावसाळ्यातील एक दिवस या विषयावर निबंध लिहीत होतो. त्यात दर वर्षी पाखरांची मंजुळ किलबिल असायची आणि एकाही पाखराला नाव नसायचे. किती पाखरे, कोणत्या झाडावर, काय करत होती, हे कुणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. शाळा मात्र भर वावरात होती आणि वर्गाच्या खिडकीतून कोतवाल पक्षी गाईच्या पाठीवर बसलेला रोज दिसायचा! ज्या वर्धेत १९३७ साली शिक्षण परिषद भरली, परिसर आणि हस्तोद्योग यांतून शिकवण्याचा विचार जिथून देशभर गेला, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. असो.

दुसरी चिमणी सगळ्यांना ठाऊक असते, तरी सांगते. एकदा त्या मुलाने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. ही खायला चालेल का, हा घरातला धर्माचा प्रश्न होता आणि ही कोण, हा मुलाचा. मामांना दोन्हीचे उत्तर देता येईना. पण मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. १९०८ साली तो बारा वर्षांचा मुलगा खिशात मेलेली चिमणी घेऊन एकटाच एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत शिरला. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, आणि एवढ्यावर न थांबता कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याच्यासमोर मांडले. वाचायला पुस्तके दिली. कातडे सोलून पक्षी कसा टिकवायचा आणि प्रत्येक नमुन्याबरोबर कोणकोणती माहिती टिपून ठेवायची, हे शिकण्याची सोय केली. पिवळ्या गळ्याच्या त्या चिमणीला सलीम अली आयुष्यभर विसरले नाहीत. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही चिमणीच आहे.

आता त्यांच्या शिक्षणाकडे वळते, कारण मला सर्वांत जास्त नवल त्याचे वाटले. तेराव्या वर्षी त्यांना डोकेदुखीने ग्रासले आणि वर्गात बसणे अशक्य झाले. कोरड्या हवेसाठी त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवले. १९१३ साली ते मॅट्रिक झाले, तेही जेमतेम. सेंट झेवियर्समध्ये नाव घातले, पण पहिल्याच वर्षी गणिताने असे हैराण केले की कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात ताव्हॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात मदतीला निघून गेले. धंदा काही जमला नाही. आजूबाजूचे जंगल मात्र चांगलेच जमले! १९१७ साली मुंबईला परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले. त्याच काळात झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा ओढा ओळखून प्राणिशास्त्र शिकायला लावले. पण विद्यापीठाची पदवी अशी त्यांच्या हाती आलीच नाही. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा त्यांचा अर्ज याच कारणाने मागे पडला. त्यांच्या नावामागे आपण जे डॉक्टर लावतो ते अलीगढ, दिल्ली अशा विद्यापीठांनी उतारवयात सन्मानाने दिलेल्या पदव्यांमुळे.

हे मी घरी सांगितले तेव्हा आमच्या एका नातलगांना फार आनंद झाला. पदवीवाचून एवढा मोठा माणूस होतो, मग पोरीला बी.ए. करून काय करायचे, असा त्यांचा मुद्दा होता. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. सलीम अलींना पदवी नव्हती, पण चिठ्ठी लिहून देणारे मामा होते. घरी इंग्रजी होते, बंदूक होती, पडत्या काळात राहायला समुद्रकाठचे घर होते. आमच्या घरातून कुणाच्या नावे चिठ्ठी लिहिता येणार? मला पदवी हवीच आहे. आमच्यासारख्यांची चिठ्ठी तीच. पण त्यांच्या आयुष्यातली दुसरी एक गोष्ट अशी आहे की तिला मामा लागत नाही की पैसाही लागत नाही. ती त्यांच्या किहीमच्या दिवसांत नीट दिसते.

१९१८ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा विवाह तेहमिना बेगम यांच्याशी झाला होता. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नैसर्गिक इतिहासाच्या दालनात त्यांना माहिती देणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली. पगार ३५० रुपये, त्या काळात बराच मोठा. दोन वर्षांनी रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात प्रा. श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. सलीम अली त्यांना आपले गुरू मानीत. १९३० साली परत आले तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. वय चौतिशीकडे झुकलेले, हातात जर्मनीहून आणलेली विद्या आणि नोकरी नाही. नवराबायको अलिबागजवळच्या किहीम गावी घरच्या बंगलीत राहायला गेले. दिवस पावसाळ्याचे होते. बंगलीजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत घरटी बांधत होती. बेकार माणूस तिच्यासमोर जाऊन बसला आणि रोज, तासन्तास, जे दिसेल ते लिहीत राहिला.

त्या वहीतून जे निघाले ते पुढच्या वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुगरणीचे घरटे मादी विणत नाही, नर विणतो. तो गवताच्या आणि पानांच्या पट्ट्या काढून आधी फांदीला कडे टांगतो, मग त्यावर उलट्या टोपीसारखे अर्धे घरटे तयार करतो. मग माद्या येतात, घरट्यात शिरून ते तपासतात. पसंत पडले तर एखादी मादी तिथे राहते आणि नर घरटे पुरे करून खाली बोगद्यासारखी वाट विणतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. पसंत न पडलेली अर्धी घरटी तशीच लोंबकळत राहतात. शेकडो वर्षे लोक ही घरटी पाहत होते. त्यांमागचा हा सगळा संसार मात्र कुणीतरी समोर बसून दिवसांमागून दिवस लिहिला तेव्हा नीट उलगडला.

मराठी वाचकाला यात एक गंमत आहे. आपण या पक्ष्याला नावच सुगरण दिले, बाईचे! बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्यावरची कविता आम्ही शाळेत पाठ केली होती, तिच्यातही खोपा आईच बांधते. मी गेल्या पावसाळ्यात आमच्या मालकाच्या विहिरीवरच्या बाभळीखाली चार रविवार बसले. पाणी काढायला येणाऱ्या बायांनी मला वेडी ठरवले. पण पिवळ्या डोक्याचा नर गवत घेऊन येताना आणि भुरकी मादी आत शिरून बाहेर पडताना मी डोळ्यांनी पाहिली. एकूण घरटी १४, त्यांत अर्धी सोडलेली ५. घरी येऊन आईला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि अंडी कोण उबवते ते विचारले. मी म्हटले, मादी. पिलांना चारते कोण? बहुतेक मादीच. मग नाव बरोबरच आहे, असे तिचे मत पडले. मला ते खोडून काढता आले नाही.

१९३० हेच साल मिठाच्या सत्याग्रहाचे. तय्यबजी घराण्यातलेच अब्बास तय्यबजी गांधीजींच्या अटकेनंतर धारासण्याच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करायला निघाले आणि म्हातारपणी तुरुंगात गेले. त्याच वर्षी त्यांचा हा भाचा किहीमला पाखरांसमोर वही घेऊन बसला होता. सेवाग्रामच्या जिल्ह्यात वाढलेल्या मला हे थोडे खटकले, लपवत नाही. स्वातंत्र्याच्या लढ्यात ते कुठे दिसत नाहीत. पण लढा लढणाऱ्या माणसांच्याच देशात, विद्वत्तेच्या अनेक जागा साहेबांच्या हाती असताना, एक हिंदी माणूस आपल्या मातीतल्या पाखरांवर अधिकाराने बोलू लागला, हेही काही लहान नाही. याचा निकाल मी वाचकांवर सोडते.

पुढची वीस वर्षे भटकंतीची. त्यांनी संस्थानांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला: प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, पक्ष्यांची पाहणी मी बिनमोल करतो. आधी हैदराबाद संस्थान झाले, ज्यात तेव्हा आजचा मराठवाडा होता. मग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. बैलगाडी, तंबू, डाकबंगले असा संसार. तेहमिना बेगम इंग्लंडमध्ये शिकलेल्या, सुखात वाढलेल्या. त्या या रानावनांतल्या मुक्कामांत आनंदाने बरोबर असत. नवऱ्याचे इंग्रजी लिखाण त्यांच्यामुळे सुधारले, असे ते स्वतःच मानीत. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात गेल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अली वांद्र्याला पाली हिलवर बहीण आणि मेव्हणे यांच्याकडे राहायला गेले आणि कामात बुडाले.

दोनच वर्षांनी, १९४१ साली, भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. त्याची रचना नवशिक्यासाठी होती. रंगीत चित्रे, पक्षी केवढा (चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा), कुठे दिसतो, काय करतो. ज्याला एकही शास्त्रीय नाव येत नाही असा माणूस ते हातात धरून बाहेर पडू शकतो. मीच पडले! १९६७ साली लईक फतेहअलींबरोबर त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी नेहमीच्या पक्ष्यांवर आणखी सोपे पुस्तक लिहिले. एकीकडे हे, तर दुसरीकडे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्याबरोबर १९६८ ते १९७४ या काळात भारत उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ. तो पुरा झाला तेव्हा त्यांचे वय ७८ होते.

मानसन्मानांची यादी लांब आहे, ती थोडक्यात आटोपते. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेवर नियुक्ती. १९७६ सालीच पन्नास हजार डॉलरचे गेटी पारितोषिक मिळाले, ते त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिले. भरतपूरचे पाणथळ आणि केरळचे सायलेंट व्हॅली वाचवण्यात त्यांच्या शब्दाला वजन होते. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. शेवटचा दिवस सलीम अलींच्या जन्माचा आणि पहिला मारुती चितमपल्लींच्या. चितमपल्ली २०२५ साली गेले. विदर्भाच्या जंगलांत वनाधिकारी म्हणून वर्षानुवर्षे राहून त्यांनीही वह्याच भरल्या होत्या.

मला या सगळ्यातून घरी नेण्यासारखी वाटली ती वही. माझा भाऊ सहावीत आहे. त्याच्याजवळ गलोल असते आणि नेम चांगला आहे. सलीम अलींच्या पहिल्या नोंदीची गोष्ट त्याला सांगितली तर तो खूशच झाला, म्हणजे उपयोग उलटाच! मग मी त्याला चाळीस पानी वही दिली आणि एकच अट घातली: जे पाडशील ते त्याच दिवशी लिहायचे. तारीख, वेळ, जागा, किती होते, काय करत होते. दिसले ते एका ओळीत आणि तुला काय वाटले ते वेगळ्या ओळीत, दोन्हींची गल्लत नाही. नाव येत नसेल तर रंग आणि आकार लिही, वाटल्यास वेडेवाकडे चित्र काढ. सुरुवातीला तो कंटाळला. पण पाखरांची नावे त्याला माझ्यापेक्षा जास्त येत होती, हे मला त्या वहीमुळेच कळले. तुरीच्या वावरातली तितरे तो आवाजावरून मोजतो. पौषात त्याने एक होला पाडला आणि अट पाळून लिहिले. खाली आणखी एक ओळ होती: दुसरा होला अंधार पडेपर्यंत तारेवर बसून होता. ती ओळ मी त्याला लिहायला सांगितली नव्हती. गलोल सध्या घरात कुठे आहे, ते मी विचारलेले नाही.

मे महिन्यात एक संध्याकाळी बाबा वावरातून आले ते टिटवीची बातमी घेऊन. तिने धुऱ्यावर चार अंडी घातली होती. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जोरदार, खोलगट जागी घातली की कमी, असे आमच्याकडे जुने लोक मानतात. बाबांनी यंदा पाऊस भरपूर, असे सांगून टाकले. भावाने ते तारखेसह वहीत लिहिले. त्याच आठवड्यात शेजारच्या वावरात दुसऱ्या टिटवीची अंडी सापडली, सखल जागी, नांगरटीच्या तासात. आता दोन टिटव्या आणि दोन पाऊस! भाऊ बाबांकडे पाहत राहिला. बाबा हसले. दोन्हीही लिही, म्हणाले, आणि पुढच्या वर्षी आणखी कुठे सापडली तर तेही लिही, एका वर्षात काय कळते.

तेव्हापासून रोज जेवणे झाल्यावर बाबा सांगतात आणि भाऊ लिहितो. आज बगळे नाल्यावर किती होते, कोणत्या पळसावर मधाचे पोळे लागले, पऱ्हाटीत रानडुकरे कोणत्या बाजूने शिरली. चाळीस पाने दिवाळीपूर्वीच संपली. नवी वही आणेपर्यंत हिशेबाच्या वहीची मागची कोरी पाने वापरावीत, असे बाबांनीच सुचवले.